चुन्याची खूण

२३ सप्टेंबर १९५६, रविवार

काल दफ्तरात याद्या लागल्या. माझं नाव मुंबई राज्याकडे. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडणार, त्या दिवशी मी औरंगाबादला हजर पाहिजे. तसं मीच लिहून दिलं होतं, त्यामुळे कुरकुरायला जागा नाही, आणि कुरकुरल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नामदेवराव इथंच राहणार. ते शेजारच्या घरात राहतात आणि दफ्तरातही माझ्यासमोरच बसतात. उर्दू कागदांचं मराठी करण्यात आम्हा दोघांची उमेदीची वर्षं गेली. काल म्हणाले, "हिम्मतराव, तुम्ही जोशात सही केलीत." मी म्हटलं, जोशात नाही, पूर्ण विचार करून केली. खरं तर त्या दिवशी ते माझ्याकडे बघून गालात हसले होते म्हणून केली. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

भामा हरखली आहे. शांताला जूनपासून औरंगाबादला मामाकडे शाळेत ठेवलंय. दहा वर्षांची पोर. ती गेल्यापासून भामा जेवताना अर्ध्यावरच उठते.

राहिले आबासाहेब, म्हणजे माझे वडील. एकनाथराव वकील. वय बहात्तर. कोर्टात त्यांची ख्याती एकच होती: आपली बाजू लंगडी दिसली की तारीख मागून घ्यायची. मग तिच्या पुढची, मग आणखी पुढची. समोरचा थकायचा आणि खटला बसल्या जागी विरून जायचा. आता वकिली सोडली आहे. रोज संध्याकाळी स्वतः मोटार हाकत अफझलगंजच्या लायब्ररीत जातात, चार जुन्या दोस्तांबरोबर वर्तमानपत्रं वाचतात आणि दिवे लागायला परत येतात. त्यांना इथून हलवायचं म्हणजे काय, या विचारानं मला रात्रभर झोप नव्हती. आज धीर करून विचारलं. ते पानाला चुना लावत होते.

"येईन की," म्हणाले. "पण आगगाडीनं नाही. गाठोड्यावर बसून गाडीची वाट बघायची, लोकांनी विचारायचं, कहाँ चले वकीलसाब, ते आपल्याच्यानं होणार नाही. माझ्या मोटारीतून न्या. मोटार चालली तर मी चाललो."

मला वाटलं होतं तासभर वाद होईल. इतक्या सहज कबूल झाले की मीच गोंधळलो. भामाला सांगितलं तर ती नुसतं "मोटारीनं का?" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. आनंद व्यक्त करायला काय पडतं, कोण जाणे.

२६ सप्टेंबर, बुधवार

मोटार आमची ऑस्टिन, अडतीस सालची. महिनाभर खालून खडखडते आहे. आज दफ्तर बुडवून महबूब मिस्त्रीकडे नेली. तो खाली शिरला, बाहेर आला, म्हणाला, "साब, शाफ्ट का क्रॉस गया." गिअरपेटीपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जो लोखंडी दांडा फिरतो तो शाफ्ट. त्याच्या सांध्यातला तुकडा म्हणजे क्रॉस. एवढंच ना, मी म्हटलं, मग उद्या देतोस का? "जल्दी का काम नक्को साब. दसरे के बाद आव."

मी म्हटलं, मग मीच करतो घरी. तो हसला. "आप कलम चलाव साब."

झालं. आता त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही. या हसणाऱ्या माणसांपायी माझ्या आयुष्यातले किती निर्णय झालेत, एकदा बसून बघायला पाहिजे.

३० सप्टेंबर, रविवार

शाफ्ट काढला. पितृपक्षात काम काढू नका, असं भामानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, पितृपक्षात नवीन काही लावायचं नसतं, काढायला बंदी कुठाय.

मागचा भाग जॅकवर उचलून विटांच्या थरांवर ठेवला. खाली पोतं टाकून शिरलो. गंजानं धरलेले बोल्ट सुटता सुटेनात. रॉकेल सोडलं, शिव्या सोडल्या, शेवटी सुटले. दांडा दोन तुकड्यांचा आहे, एक तुकडा दुसऱ्यात खाचांवर सरकत बसतो. कुठल्याही खाचेवर बसेल, पण नीट फिरेल एकाच ठिकाणी. मागं चार बोल्टांची चकती, तिचीही तीच कथा. एवढी अक्कल मला आहे. म्हणून काढायच्या आधी आबासाहेबांच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि खुणा केल्या. दोन्ही तुकड्यांवरून मिळून एक रेघ, आणि मागं दांड्याची चकती व धुऱ्याची चकती या दोन्हींवरून मिळून दुसरी. बसवताना रेघेला रेघ जुळवली की झालं.

आबासाहेब खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "चुना कशाला?" मी सगळं समजावून सांगितलं. मन लावून ऐकलं त्यांनी. "म्हणजे सारी मदार या रेघेवर," म्हणाले. या वयात नवीन काही शिकायची त्यांची हौस बघून बरं वाटलं.

४ ऑक्टोबर

अफझलगंजच्या मागं भंगारवाल्यांच्या रांगेत क्रॉस मिळाला. नवीन नाही, पण घट्ट आहे. येताना कोठीवर दोन ओळखीचे भेटले, एक कर्नूलहून येणाऱ्या आंध्रवाल्यांना नावं ठेवत होता, दुसरा मुंबईला जाणाऱ्यांना. दोघांनीही मला विचारलं, तुमचं काय ठरलं? मी क्रॉस दाखवला.

मन थाऱ्यावर नाही. दफ्तरात कपाटं रिकामी होताहेत. फायलींचे तीन ढीग केलेत: आंध्राचा, म्हैसूरचा, मुंबईचा. एका फायलीत सीमेवरच्या एकाच गावचे शेजारी शेजारी राहणारे दोन भाऊ आहेत, ती फाईल कुठल्या ढिगात टाकायची यावरून साहेबाशी वाजलं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

क्रॉस बसला. हातोडीनं दोन बोटं काळी झाली. शाफ्ट शेडमधल्या फळीवर पोत्यात गुंडाळून ठेवला आहे, चुना पुसू नये म्हणून. दसऱ्याला रविवार आहे, त्या दिवशी चढवतो. मुहूर्तही होईल आणि महबूबला दाखवताही येईल.

आबासाहेब लायब्ररीत रिक्षानं जातात. मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढा. ते म्हणाले, "मला कसली घाई?"

१४ ऑक्टोबर, दसरा

आज सणाच्या दिवशी घरात तमाशा झाला. मीच केला.

काल खंडेनवमी. दरवर्षी आबासाहेब स्वतः मोटार धुतात, हत्यारं मांडतात, पूजा करतात. यंदा म्हणाले, "मला वाकवत नाही, सूनबाई बघेल." मी दफ्तरात होतो. आज सकाळी पोतं उलगडतो तर शाफ्ट लख्ख. चिंचेनं घासलेला, राखेनं पुसलेला, देवघरातल्या समईसारखा. चुन्याचा मागमूस नाही. वर कुंकवाचे तीन टिळे: दोन तुकड्यांवर एकेक आणि चकतीच्या कडेला एक. आणि झेंडूचं फूल. गाडीखाली शिरून पाहिलं, धुऱ्याच्या चकतीवर अर्धी रेघ तशीच आहे. तिची जोडीदारीण धुवून गेली.

मी ओरडलो. भामा हात पुसत बाहेर आली. एकदा शाफ्टकडे बघितलं, एकदा आबासाहेबांकडे, मग म्हणाली, "मीच धुतला. खंडेनवमीला लोखंड मळकं ठेवतात का?" मी जे नाही ते बोललो. तुला औरंगाबादला जायचंय की नाही, असंही बोललो. आबासाहेब मध्ये पडले, "जाऊ दे रे, सणासुदीचं." आणि कमरेला हात लावून आत गेले. कालपासून त्यांची कंबर धरली आहे, भामा मिठाची पुरचुंडी तापवून शेकते आहे. वयच झालं आता. धोतरालाही रॉकेलचा वास येत होता, बहुतेक शेडमध्ये टेकले असतील कुठं.

सोनं द्यायलाही मी कोणाकडे गेलो नाही. भामाशी बोलणं बंद.

१६ ऑक्टोबर

अंदाजानं खाच धरून शाफ्ट चढवला. कुंकवाचे टिळे तेवढे पुसले नाहीत. पूजेचं कुंकू पुसून काढायला आईनं कधी शिकवलं नाही, आणि हात धजला नाही. ग्रीस लागून ते आपोआप काळे पडले.

गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडापर्यंत ठीक. बडी चावडीवर जरा वेग दिला आणि सगळी गाडी हिवतापानं कापावी तशी कापायला लागली. काचा वाजल्या. रिक्षावाले वळून बघायला लागले. परत आलो.

थरथर मोजायची एक युक्ती काढली: मागच्या सीटवर कोणीतरी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून बसायचं. किती पाणी सांडलं त्यावरून कळतं. घरात माणूस एकच, भामा. बोलणं बंद असल्यामुळे तांब्या भरून तिच्यासमोर ठेवला. ती पदर खोचून मुकाट गाडीत बसली. अर्धा तांब्या लुगड्यावर.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

खाच बदलली. पुन्हा तांब्या, पुन्हा लुगडं ओलं. काल कोजागिरीचं दूध मी गाडीखाली पडल्या पडल्या प्यायलो, त्यात ग्रीस पडलं होतं हे नंतर कळलं.

संध्याकाळी आबासाहेब खुर्चीवरून विचारतात, "आज सुनावणीत काय झालं?" मी म्हणतो, तहकूब. ते खदखदून हसतात. कंबर सुधारलेली दिसते. जेवतातही बरं. परवा भामाकडं दुसऱ्यांदा पुरणपोळी मागून घेतली. माझा जीव टांगणीला आणि यांना भूक लागते.

२१ ऑक्टोबर, रविवार

नामदेवराव कुंपणावरून सगळं बघत होते. न राहवून आत आले. त्यांच्या चुलत्याचा सिकंदराबादला लॉरीचा धंदा होता, तिथं त्यांनी पाहिलेलं: दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कान, म्हणजे क्रॉस धरणारे फाटे, एका रेषेत आले पाहिजेत. दोघांनी मिळून तसं केलं. फरक पडला. बराच पडला. नारायणगुड्यापर्यंत तांब्यातलं पाणी नुसतं हललं. मी भामाकडं वळून जवळजवळ बोललोच होतो. पण पुढं तिशीचा काटा ओलांडला आणि पुन्हा थरथर. कान जुळले तरी दांडा उलटासुलटा दोन प्रकारे बसतो आणि चकती चार प्रकारे. त्यातला एकच खरा.

येताना नामदेवराव म्हणाले, "अशा गाडीनं चारशे मैल नेऊ नका, वाटेत शाफ्ट तुटून पडेल." आबासाहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग कसं करायचं?" असं म्हणाले खरे, पण उत्तराची वाट न बघता पान लावायला घेतलं.

२४ ऑक्टोबर

दफ्तरातून आलो की गाडीखाली. कुठली जागा करून पाहिली आणि कुठली नाही, याचा आता मलाच पत्ता नाही. काल चिडून सगळं उलटं केलं आणि शेवटी पहिलीच जागा निघाली.

भामानं आज मौन सोडलं. "महबूबमियाँकडे न्या ना." मी म्हटलं, मेलो तरी नेणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला जायचंय ना पण?" हा काय प्रश्न झाला? जायचं नसतं तर रोज इथं पाठ घासली असती का? बाहेर येऊन पाना शोधत बसलो, तो हातातच होता.

शांताचं पत्र आलंय. मामीनं दिवाळीला परकर शिवलाय, आबा आले की त्यांना शाळा दाखवणार आहे.

२७ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलं.

सामान मालगाडीनं पुढं गेलं. घरात बोललेलं घुमतं. चार दिवस उरले आणि गाडी होत नाही. जेवताना आबासाहेबांना सरळ विचारलं, "गाडी झाली नाही तर आगगाडीनं येणार?" ते म्हणाले, "मी आधीच सांगितलंय." मी म्हटलं, मग मीही जात नाही. तुम्हाला एकट्याला टाकून जायला मी कोणी परका नाही. नेमणूक बदलून मागतो, नाही मिळाली तर राजीनामा देतो. सोमवारी सकाळी अर्ज.

मी हे रागानं बोललो की मनापासून, ते मला नीट सांगता येणार नाही. बोलून झाल्यावर मात्र फार मोकळं वाटलं, आणि लगेच फार भीती वाटली. एकेचाळीसाव्या वर्षी कोण नोकरी देणार आहे?

भामाच्या हातातली पळी तशीच राहिली. मग म्हणाली, "मग शांताला आणायला कधी जाता, तेवढं सांगा." आवाज चढवला नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. आबासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. ताटावरून उठले. जेवणानंतर पान खाल्लं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी मी अर्जाचा मसुदा करत होतो. आबासाहेब बंडी घालून, धोतर वर खोचून दारात उभे. "ते ठेव खाली. शाफ्ट काढून आण."

आणला. त्यांच्यासमोर फरशीवर ठेवला.

"कुंकू पूस."

"पूजेचं आहे."

"मी लावलंय. मीच सांगतोय, पूस."

मी न ऐकल्यासारखं करून बसलो. तेव्हा त्यांनीच धोतराच्या सोग्यानं एकेक काळा पडलेला टिळा घासून काढला. प्रत्येकाच्या खाली लोखंडावर कानशीनं ओढलेला बारीक ओरखडा होता. दोन तुकड्यांवर एकेक, चकतीवर एक. जिथं माझा चुना होता नेमका तिथं.

"चुन्याची खूण मला दिसली होती," ते म्हणाले. "दिसली म्हणूनच धुतली."

"भामा म्हणाली, तिनं धुतला."

"सूनबाईनं खोटी साक्ष दिली. मी देऊ दिली. हे माझ्या वकिलीतलं सर्वांत वाईट काम."

मी भलतंच विचारलं. "मग धुवायचंच होतं तर हे ओरखडे कशाला?"

"अस्सल फाडायच्या आधी नक्कल ठेवायची. सवय आहे. सुटत नाही." ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, तारखा पडत जातील. एक तारीख उलटून गेली की जो जिथं आहे तिथं राहील. मी नाही म्हणालो असतो तर तू अडला असतास. हो म्हणालो असतो तर मला यावं लागलं असतं. म्हणून मोटारीवर ढकललं. तू नोकरीच सोडायला निघशील, हे काही मी धरलं नव्हतं. आणि काल तिचं तोंड बघितलं."

मला इतका संताप आला की पाना भिंतीवर मारावासा वाटला. आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. ओरखड्याला ओरखडा जुळवला, चकतीवरचा ओरखडा धुऱ्यावरच्या अर्ध्या रेघेसमोर आणला, बोल्ट पिळले. ते वरून दिवा धरून होते. दिव्याचा उजेड हलत होता.

मग स्वयंपाकघरात गेलो. भामा तांब्या भरून तयारच होती. मी म्हटलं, "तू का म्हणालीस की तू धुतलास?" ती म्हणाली, "माझ्यावर चिडलात तर चार दिवसांत निवळता. त्यांच्यावर चिडला असतात तर जन्मभर लागेल असं काहीतरी बोलला असतात."

चार दिवस नव्हे, चांगले दहा दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो. तरी तिनं चारच म्हटलं.

आबासाहेब चालवायला बसले. टँक बंडवर गाडी सोडली. तीस, पस्तीस, चाळीस. मी मागं वळून बघत होतो. भामाच्या मांडीवर तांब्या, पाणी काठाशी आणि स्थिर. सिकंदराबादच्या टोकाला गाडी थांबली तेव्हा आबासाहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. "छान चालते रे," म्हणाले. असं म्हणाले की मला रडू आलं.

घरी आल्यावर सगळं बोलून झालं. ते आत्ता येत नाहीत. दिवाळीत घर बंद ठेवू नये, लायब्ररीची पुस्तकं परत करायची आहेत, थंडीत कंबर धरते. मोटार आम्ही न्यायची. नामदेवरावांकडून दोन्ही वेळचा डबा येईल. आणि संक्रांतीला मी गाडी घेऊन त्यांना आणायला यायचं. तारीख त्यांनी स्वतः दिली, मी मागितली नव्हती. इतकं झाल्यावर आता ते शब्द फिरवणार नाहीत.

३० ऑक्टोबर. बीदर, डाकबंगला

पहाटे निघालो. आबासाहेब आमच्या आधी उठून शेडमध्ये होते. शेरवानी घालून निरोप द्यायला उभे राहिले, कोर्टात जायची तीच जुनी. बाहीला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी म्हटलं, चुना लागलाय. त्यांनी बाही मागं घेतली, "असू दे."

भामा पाया पडली. तिच्या डोक्यावर त्यांचा हात बराच वेळ होता. मला म्हणाले, "खाली उतारावर गिअरमध्येच ठेव. ब्रेकवर भरवसा ठेवू नकोस." आणखी काही बोलतील म्हणून मी इंजिन चालू ठेवून थांबलो. नामदेवराव कुंपणापाशी उभे होते. या वेळी हसले नाहीत.

गल्लीच्या वळणावर आरशात पाहिलं. रिकाम्या शेडकडे तोंड करून उभे होते.

गाडी लोण्यासारखी चालली. कुठं म्हणून आवाज नाही. त्याचाच त्रास झाला दिवसभर.

४ नोव्हेंबर, भाऊबीज. औरंगाबाद

हजर झालो. टेबल मिळालं, समोर कोणी बसत नाही अजून.

भामाच्या भावाकडे जेवण होतं. जेवणाआधी गाडीखाली शिरलो. एवढ्या मैलांनंतर बोल्ट एकदा आवळून घ्यावेत. बघतो तर शाफ्टच्या दोन तुकड्यांवरून मिळून एक पांढरी रेघ, आणि मागं दोन्ही चकत्यांवरून मिळून दुसरी. मला वाटलं चुना. नखानं खरवडला, निघाला नाही. दाराखिडक्यांना लावायचा तेलाचा रंग आहे. रेघ वाकडी आहे, सुरुवातीला जाड आणि पुढं कापत गेलेली. त्या वयात, पहाटे, शेरवानी घालून ते या गाडीखाली शिरले असणार.

मी तसाच पडून राहिलो. मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. मला फार आनंद झाला. याचा अर्थ सरळ आहे, कधी शाफ्ट काढावा लागलाच तर पुन्हा अडायला नको, संक्रांतीला त्यांना आणायला जायचंय ना.

शांतानं मामाचं पंचांग काढलं आणि पौषातली संक्रांत शोधून काढली. तिथं खूण करायला दौत-टाक मागत होती. भामा म्हणाली, "पेन्सिलीनं कर गं. खोडता येईल अशी."

पुस्तकं खराब केलेली तिला पहिल्यापासून खपत नाहीत.